पातळ भाजी, पोदेराचा शब्द आणि पेनसिल्व्हेनिया

सुरुवात पातळ भाजीपासून करतो, कारण बाकीचं सगळं तिच्यामागून आलं.

पणजीच्या मळा भागातल्या या हॉटेलात पातळ भाजी पांढऱ्या वाटाण्याची करतात. पातळ असली तरी पाणीदार नाही; पाव बुडवला की तिला धरूनच वर येतो. खोबरं भाजून वाटलेलं. शेवटी जिभेच्या कडेला थोडा आंबटपणा राहतो. तो चिंचेचा की सोलांचा यावर माझं आणि बायकोचं अजून एकमत नाही, आणि वहिनींना, म्हणजे मालकांच्या पत्नीला, विचारलं तर त्या हसून दुसऱ्या टेबलाकडे वळतात. सुकी भाजी बटाट्याची, फोडणीत हिरवी मिरची आणि कढीपत्ता, अर्धा बटाटा कुस्करलेला आणि अर्धा फोडींचा. ‘मिक्स’ सांगितलं की बशीत आधी सुकी, तिच्यावर पातळ, वर बारीक कांदा. काही ठिकाणी वर शेव मारतात. इथे नाही. शेव मागितली तर मालक असे बघतात की माणूस पुन्हा मागत नाही.

मिक्स आणि दोन पाव ५० रुपये, चहा १५. सकाळी साडेसहाला उघडतं. पातळ भाजी साडेनऊ-पावणेदहापर्यंत, मग सुकीवर भागवायचं. बुधवारी अळसांद्याचं, म्हणजे चवळीसारख्या कडधान्याचं, तोणाक (दाट रस्सा) असतं, ते आठच्या आत संपतं.

हॉटेलाचं नाव लिहीत नाही. मालकच म्हणाले, नको. मागे कुणीतरी व्हिडिओ टाकला, तर आठवडाभर बाहेरची पोरं पायरीवर बसून बशीचे फोटो काढत होती आणि रोजच्या गिऱ्हाइकांना पाव पुरले नाहीत. मारुतीच्या देवळाकडून खाली या, सकाळी आठच्या आत या, वास तुम्हाला आणून सोडेल. नाव न घालण्याचं आणखी एक कारण आहे, ते माझं आहे.

मी पणजीतल्या एका मराठी दैनिकात ३१ वर्षं मुद्रितशोधक होतो. बहुतेक रात्रपाळी. टेबलावरचे सगळे मला ‘संपादकबाब’ म्हणतात. संपादकांच्या अग्रलेखातले ऱ्हस्व-दीर्घ मी सुधारले, एवढाच माझा त्या पदाशी संबंध. पण अमेरिकेची निवडणूक मी आठ वेळा हातावेगळी केली आहे, आणि दर वेळी आमचं नशीब एकच: आमचं शेवटचं पान सुटायचं तेव्हा तिथे अजून दुपार असायची, मतदान चालू. निकाल आम्हाला नेहमी शिळा मिळायचा. २००० साली तर तोही मिळाला नाही. दुपारी बुश जिंकले म्हणून मथळा जुळवला, दोन तासांत त्यांचे प्रतिस्पर्धी गोर यांनी फोनवर दिलेली कबुली फोनवरच परत घेतली, आणि मग ५३७ मतांच्या फरकाचं ते फ्लोरिडा डिसेंबरात सुप्रीम कोर्टाचा निकाल लागेपर्यंत आमच्या पानावर ठाण मांडून बसलं. पेनसिल्व्हेनिया हा शब्द मी आयुष्यात तीन वेगवेगळ्या प्रकारे छापू दिला आहे. तिन्ही वेळा पत्र आलं.

तर २०२४ ची निवडणूक, डेमोक्रॅट कमला हॅरिस विरुद्ध रिपब्लिकन डोनाल्ड ट्रम्प, ताजी बघायची, गरम भाजीबरोबर, एवढीच निवृत्तीनंतरची हौस.

अडचण अशी की मी दुसऱ्या हॉटेलाचा माणूस होतो. १९ वर्षं. त्याचंही नाव नको. रात्रपाळी सुटल्यावर मी तिथे जायचो, निवृत्तीनंतरही जात राहिलो. मधल्या काळात तिथलं तेल बदललं, वाटपातलं खोबरं कमी झालं, बशी लहान झाली, दर वाढला. टीव्ही होता, त्यावर बातम्या बंद होऊन दिवसभर गाणी लागू लागली. बायको म्हणायची, ‘तुम्ही तिथे भाजी खायला जाता की हजेरी लावायला?’ मी म्हणायचो, भाजी पूर्वी काय होती ते तुला ठाऊक नाही. तिला ठाऊक होतं. तीही यायची पूर्वी.

मला हलवलं ते पोदेराने, म्हणजे सायकलवरून दारोदार पाव घालणाऱ्याने. दोन्ही हॉटेलांना पाव त्याचेच जातात. ४ नोव्हेंबरला सकाळी आमच्या दाराशी सायकल टेकवून उंडे मोजता मोजता तो म्हणाला, ‘संपादकबाब, एक फावट मळ्यांत वचून पळयात. भाजी बरी. आनी टीव्ही आसा.’ एकदा मळ्यात जाऊन बघा, एवढंच. पुढच्या दाराकडे गेला. या माणसाने बारा वर्षांत मला पावाशिवाय दुसरं काही सुचवलेलं नव्हतं.

म्हणून ६ नोव्हेंबर २०२४, बुधवार, सकाळी सव्वासातला मी मळ्यात. तोणाकाचाही वार, हे तेव्हा माहीत नव्हतं.

हॉटेलात सहा टेबलं. टीव्हीखालचं टेबल कायमच्या लोकांचं आहे, तिथे नवख्याने बसायचं नाही. मला बसवलं कारण मला तीन वेळा उठवूनही मी मान वर करून तिथेच उभा होतो. टेबलावर नदी परिवहन खात्याच्या फेरीबोटीवरून निवृत्त झालेले एक गृहस्थ, सार्वजनिक बांधकाम खात्यातले एक माजी ओव्हरसियर, आणि कोर्टाआधी दोन बन खाणारे एक वकील. साडेसात वाजले तेव्हा तिथे मंगळवारचे रात्रीचे नऊ. फ्लोरिडा आधीच ट्रम्प यांच्याकडे गेलेलं. पडद्यावर तांबडा-निळा नकाशा आणि खाली जिंकायला लागणारा २७० चा आकडा. फेरीबोटवाल्यांनी विचारलं, ‘कोण जिखता?’ वकील म्हणाले, अजून मोजतायत. ‘मोजपाक इतलो वेळ?’ आणि त्यांनी मिरची भजी मागवली.

माझा भाचा पेनसिल्व्हेनियात राहतो, ॲलनटाऊनजवळ. त्या सकाळी त्याचा फोन आला तो मी स्पीकरवर टाकला, म्हणजे त्या टेबलावर माझी वट निर्माण झाली. त्याला विचारलं, मत कुणाला दिलंस? तो म्हणाला, ‘मामा, इथे मत विचारत नाहीत, अंगणातली पाटी बघतात.’ मग तुझ्या अंगणात कुणाची? ‘कुणाचीच नाही. डावीकडच्याकडे हॅरिस आहेत, उजवीकडच्याकडे ट्रम्प. हिवाळ्यात बर्फ दोघांकडून फावडं आणून काढायचाय.’ पण नोंदणीत मात्र तो डेमोक्रॅट आहे, कारण त्यांच्या राज्यात पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीत मत द्यायचं तर मतदार यादीतच पक्ष लिहावा लागतो. ओव्हरसियरांना हे फार लागलं. म्हणाले, ‘सरकारी कागदावर पक्ष? आणि उद्या बदली झाली तर?’

मग विषय निघाला पाठिंब्याचा. उन्हाळ्यापासून भाचा मला कळवत होता, आज याने पाठिंबा दिला, उद्या त्याने. तो ‘एन्डॉर्समेंट’ म्हणायचा. मी तो शब्द टेबलावर ठेवला आणि मालक गल्ल्यावरून पहिल्यांदा बोलले. ‘मतदानाच्या आधी पाठिंबा? मग निकालानंतर काय देतात?’

सगळे हसले, पण मी हसलो नाही, कारण ३१ वर्षं मी हा शब्द सुधारत आलो आणि हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. गोव्याच्या बातमीत ‘पाठिंबा’ आला की पुढे ‘पत्र’ येतं आणि त्याच्यापुढे ‘राज्यपाल’. मार्च २०१७ घ्या. ४० जागांत काँग्रेसला १७, भाजपला १३. गोवा फॉरवर्ड पक्षाचे तीन, मगोचे (महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचे) तीन, तीन अपक्ष. काँग्रेसवाले नेता ठरवत बसले, भाजपच्या पर्रीकरांनी पत्रं गोळा केली आणि १४ मार्चला शपथ झाली. गोवा फॉरवर्डने आधीचा सगळा प्रचार भाजपच्या विरोधात केला होता. २०२२ ला मगो तृणमूलचा हात धरून लढली आणि निकाल लागल्यावर पत्र भाजपला दिलं. आपल्याकडे पाठिंबा ही मतदाराला सांगायची गोष्टच नाही. ती मतदाराला पेपरात वाचायला मिळते.

तिकडे उलटं. तिथे पाठिंबा मतदाराकडे बघूनच देतात, आणि निकालानंतर त्याला किंमत नसते. निदान मला तसं वाटत होतं. त्यावर पुढे येतो.

(तोणाक. याच वेळी तोणाक आलं. अळसांदे शिजलेत पण फुटलेले नाहीत, हे साधणं कठीण. मसाला दाट. त्याच्याबरोबर पाव नको, पोयी, म्हणजे कोंड्याची पोकळ रोटी, मागा. रोज असतं तर मी या हॉटेलाला पैकीच्या पैकी गुण दिले असते.)

पाव खाता खाता आम्ही पाठिंब्यांची वर्गवारी लावली. सगळ्यात गाजलेला गायिका टेलर स्विफ्टचा, हॅरिस यांना, १० सप्टेंबरच्या ट्रम्प-हॅरिस वादचर्चेनंतर. तिने मतदार नोंदणीचा सरकारी दुवा टाकला आणि २४ तासांत चार लाखांवर लोक त्या संकेतस्थळावर गेले. वकिलांचं मत, जाणं आणि मत देणं यांत पणजी-काणकोण एवढं अंतर असतं. मग टीमस्टर्स, ट्रकवाल्यांची मोठी कामगार संघटना, तेरा लाख सभासद. त्यांनी १८ सप्टेंबरला जाहीर केलं की कुणालाच पाठिंबा नाही. १९९६ नंतर पहिल्यांदाच असं झालं. फेरीबोटवाले स्वतः युनियनचे माणूस. ते म्हणाले, याचा अर्थ पुढाऱ्यांना एक हवा होता आणि पोरांना दुसरा. यापेक्षा नेमकं विश्लेषण मी कुठल्या वाहिनीवर ऐकलं नाही.

माझा जीव अडकला होता तो वॉशिंग्टन पोस्टमध्ये. २५ ऑक्टोबरला, मतदानाला अकरा दिवस असताना, त्यांच्या प्रकाशकाने जाहीर केलं की यंदा आणि यापुढे अध्यक्षपदासाठी कुणालाच पाठिंबा देणार नाही. हॅरिस यांच्या बाजूचा अग्रलेख लिहून तयार होता. मालक जेफ बेझोस यांनी तो थांबवला, असं त्याच पेपरच्या बातमीदारांनी छापलं. चार-पाच दिवसांत अडीच लाख वर्गणीदारांनी वर्गणी रद्द केली. आता विचार करा, तो अग्रलेख छापला असता तर किती मतं फिरली असती? वॉशिंग्टन पोस्ट वाचणारा माणूस मत ठरवायला अग्रलेखाची वाट बघत नाही. पाच-पन्नास फिरली असती तर खूप. छापल्याने काही झालं नसतं आणि न छापल्याने अडीच लाख गेले. माझ्यासारख्या माणसाला हे कळतं, कारण छापून आलेल्या चुकीवर दोन पत्रं येतात, पण एखाद्या दिवशी शब्दकोडं गळालं तर फोन थांबत नाही.

आणि आमच्याकडे ते आधी होऊन गेलंय. मी दहा वर्षांचा होतो, १६ जानेवारी १९६७, जनमत कौल. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा तर फूल, वेगळा ठेवायचा तर दोन पानं. आमच्या डिचोलीच्या घरी ‘गोमन्तक’ यायचा, तो फुलाचा. मडगावला माझे काका ‘राष्ट्रमत’ घ्यायचे, तो दोन पानांचा, आणि तोही मराठीच. बाबांचा खरा राग त्यावर होता. पोर्तुगीजमधून किंवा कोकणीतून विरोध केला असता तर त्यांना समजलं असतं. पण शुद्ध मराठीत, ऱ्हस्व-दीर्घ जागच्या जागी ठेवून, विलीनीकरणाला विरोध? ते म्हणायचे, ‘हे आपल्याच ताटात जेवून आपल्यालाच शिकवतात.’ निकाल लागला: दोन पानं १,७२,१९१, फूल १,३८,१७०. काका चतुर्थीला आले तेव्हा बाबा त्यांच्याशी माटोळीबद्दल, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांबद्दल, बोलले, पावसाबद्दल बोलले. १९७१ पर्यंत पेपरबद्दल बोलले नाहीत. त्या दोन्ही पेपरांनी कुणाची मतं फिरवली असतील तर असतील. आमच्या घरात एकही फिरलं नाही, फक्त पंगत मोडली.

पावणेदहाच्या सुमारास नॉर्थ कॅरोलिना ट्रम्पकडे गेलं आणि वहिनींनी आतून सांगितलं, पातळ भाजी संपली. दोन्ही बातम्या टेबलाने सारख्याच गांभीर्याने घेतल्या.

खरं तर मी उठायला हवं होतं, पण तेवढ्यात वकील पक्षांतरावर आले. चेनींचं नाव निघालं होतं. डिक चेनी, बुश यांचे उपाध्यक्ष, रिपब्लिकनांतले कट्टर. ते आणि त्यांची मुलगी लिझ, दोघांनीही सप्टेंबरात हॅरिसना पाठिंबा दिला. ओव्हरसियर म्हणाले, म्हणजे फुटले. वकील म्हणाले, फुटले म्हणजे काय, आधी ते समजून घ्या. त्यांनी पावाचे अकरा तुकडे केले. २०२२ ला गोव्यात काँग्रेसचे आमदार अकरा. पक्षांतरबंदी कायद्यात दोन तृतीयांश लागतात. अकराचे दोन तृतीयांश सात आणि वर थोडं, म्हणजे आठ हवेत. त्यांनी आठ तुकडे दुसऱ्या बशीत सरकवले. सप्टेंबर २०२२ ला बरोबर आठच गेले, सात नाही आणि नऊ नाही. त्याआधी २०१९ ला पंधरांतले दहा, तेही बरोबर दोन तृतीयांश. ‘गोव्याचा आमदार गणितात कच्चा नसतो.’ त्या आठांपैकी बऱ्याच जणांना निवडणुकीआधी, जानेवारीत, पणजीच्या महालक्ष्मीसमोर, बांबोळीच्या खुरसासमोर (क्रुसासमोर) आणि बेतीच्या दर्ग्यात नेऊन पक्ष सोडणार नाही अशी शपथ घातली होती. त्या आठांतले एक, माजी मुख्यमंत्री दिगंबर कामत यांनी नंतर सांगितलं की आपण देवळात जाऊन देवालाच विचारलं, देव म्हणाला तुला बरं वाटेल ते कर. फेरीबोटवाल्यांनी डोळे मिटून हात जोडले. कुणाला जोडले ते कळलं नाही.

अमेरिकेत असा कायदाच नाही, हे मी सांगितलं तर कुणाला खरं वाटेना. २००१ साली व्हरमॉन्टचे सिनेटर जिम जेफर्ड्स एकटे रिपब्लिकन पक्षातून बाहेर पडले. सिनेट ५०-५० होतं आणि बरोबरी झाली की उपाध्यक्षांचं मत. ते उपाध्यक्ष म्हणजे हेच डिक चेनी. एक माणूस उठला आणि चेनींच्या त्या मताचा उपयोगच संपला, बहुमत पलीकडे गेलं. एकट्याने. दोन तृतीयांश नाही, शपथ नाही, बस भरून कुठल्या रिसॉर्टवर नेणं नाही. मालक गल्ल्यावरून म्हणाले, ‘एकलोच गेलो? मागीर ताका पळोवपाक कोण आशिल्लो?’ म्हणजे, मग त्याला बघायला होतं कोण?

लिझ चेनींचं मात्र मी टेबलाला नीट सांगितलं, कारण तो मामला वेगळा आहे. तिने पाठिंबा २०२४ ला दिला, पण किंमत आधीच मोजली होती. ट्रम्प यांच्याविरुद्ध उभी राहिली म्हणून २०२१ ला पक्षातलं पद गेलं, आणि ऑगस्ट २०२२ ला वायोमिंगच्या प्राथमिक निवडणुकीत स्वतःच्याच पक्षाच्या मतदारांनी तिला ३७ टक्क्यांच्या फरकाने पाडलं. ज्या राज्याने तिच्या बापाला डोक्यावर घेतलं होतं, त्याच राज्याने. तेव्हा तिच्या पाठिंब्यात खोट काढता येत नाही. पण मतं? निकाल कुठेही झुकेल अशी अटीतटीची राज्यं सात होती. त्यातल्या काहींत हॅरिस तिला घेऊन फिरल्या, रिपब्लिकन बायका ऐकतील म्हणून. ती सातही राज्यं गेली. एकूण ३१२ विरुद्ध २२६.

महाग पाठिंबा कामाचा असतोच असं नाही. मला वाटतं कामाचा असतो तो २०२० मधल्या जिम क्लायबर्नसारखा. बायडन तेव्हा डेमोक्रॅटांच्या उमेदवारीच्या शर्यतीत पहिल्या दोन-तीन राज्यांत मार खाऊन आलेले. २६ फेब्रुवारीला साउथ कॅरोलिनाच्या या म्हाताऱ्या खासदाराने सांगितलं, मी बायडनबरोबर. तीन दिवसांनी तिथे बायडन दणक्यात जिंकले, मग बुटिजेज आणि क्लोबुचर या प्रतिस्पर्ध्यांनी माघार घेऊन त्यांच्यामागे उभं राहायचं ठरवलं, आणि ३ मार्चला चौदा राज्यांपैकी दहा बायडनकडे. क्लायबर्न काही नट नाहीत. पण त्या राज्यातले काळे मतदार त्यांना वर्षानुवर्षं रविवारी चर्चमध्ये बघत आलेत, आणि ते उगाच कुणाचं नाव घेत नाहीत हे त्यांना माहीत आहे.

हे बोलत असतानाच दारात भोंगा वाजला. पोदेर दुसरी खेप घेऊन आला होता. मला त्या टेबलावर बघितलं आणि काही न बोलता पावांची टोपली आत ठेवून गेला.

पुढचं थोडक्यात. एक वाजायच्या सुमारास पेनसिल्व्हेनियाही गेलं, तोवर मी घरी झोपलो होतो. भाच्याने संध्याकाळी कळवलं की डावीकडच्याने पाटी काढली, उजवीकडच्याने ठेवली. मी दुसऱ्या दिवशीही मळ्यात गेलो. तिसऱ्या दिवशी. आता आठवड्यातून चार दिवस जातो आणि त्या टेबलावर मला खुर्ची आहे.

निकालानंतर पाठिंब्याला किंमत नसते असं मी म्हटलं होतं, ते फेब्रुवारीत मागे घ्यावं लागलं. रॉबर्ट केनेडी ज्युनियर, डेमोक्रॅटांच्या सगळ्यात मोठ्या घराण्यातला, अपक्ष उभा राहिला होता आणि २३ ऑगस्टला ट्रम्प यांच्यामागे गेला. तेही कसं? अटीतटीच्या राज्यांत नाव मागे घ्यायचं, बाकी ठिकाणी राहू द्यायचं. ओव्हरसियरांनी लगेच ओळखलं: ‘मैत्रीपूर्ण लढत.’ मिशिगन आणि विस्कॉन्सिनमध्ये मात्र नाव मतपत्रिकेवर राहूनच गेलं. तुलसी गॅबर्ड, एके काळी स्वतःच डेमोक्रॅटांकडून अध्यक्षपदाची इच्छुक, तीही ऑगस्टातच गेली. फेब्रुवारी २०२५ ला केनेडी आरोग्यमंत्री झाले आणि गॅबर्ड गुप्तचर खात्यांच्या प्रमुख. दोन्ही बातम्या मी टेबलावर वाचून दाखवल्या. कुणीही मान वर केली नाही. मालक एवढंच म्हणाले, ‘पत्र दिलं असणार.’ जूनमध्ये इलॉन मस्क आणि ट्रम्प यांचं वाजलं आणि मस्क नवा पक्ष काढतो म्हणाले, तेव्हा तर टेबलाला अमेरिका अगदी घरची वाटू लागली. आमच्याकडे दर निवडणुकीआधी एक नवा निघतो.

आता हॉटेलाच्या उण्या बाजू, कारण परीक्षण लिहायला घेतलंय. चहा फार गोड. सांगितलं तरी फार गोड. कमी साखरेचा म्हणून येतो तो नेहमीचाच, फक्त उशिरा येतो. हात धुवायच्या नळाला पावसाळ्यात माती येते. पंखे दोन, त्यातला एक शोभेचा. गुगल पे चालतं, पण मालकांच्या मुलाचा फोन त्याच्याकडे असतो आणि मुलगा कॉलेजात असतो, तेव्हा सुटे ठेवा. गाडी लावायला जागा नाही, चालत या. संध्याकाळचे बन सकाळइतके चांगले नसतात. सात वाजता पहिला घाणा निघतो तो खरा, हाताला चटका बसेल असा. मिरची भजी तिखट मिरचीची नसते, तरी लहान मुलांना देऊ नका, एखादी निघते. भिंतीवर एकाही पुढाऱ्याचा फोटो नाही, कॅलेंडर आहे ते पतसंस्थेचं आणि गणपती. निवडणुकीत सगळ्या पक्षांची पोरं इथेच खातात, आणि पैसे देऊन खातात. मी एकदा मालकांना विचारलं, तुमचं मत कुणाला. ते म्हणाले, पाव संपलेत, थांबा.

पोदेराचं मला उशिरा कळलं. जुन्या हॉटेलवाल्याने जानेवारीपासून त्याचे पाव बंद केले. रोजचे नव्वद. मी मळ्यात दिसलो, माझ्यामागून आणखी दोघे-तिघे गेले, कुणीतरी सांगितलं की पोदेर दारोदार तसं बोलत फिरतो. दारोदार काही नाही, मला एकदा बोलला. मी त्याला विचारलं तेव्हा तो उंडे मोजत होता. ‘चलता,’ म्हणाला. मग थोड्या वेळाने, ‘भाजी बरी न्ही?’ मी म्हटलं बरी. त्या दिवशी मी चार उंडे जास्त घेतले, त्याने काही भरून निघत नाही हे दोघांनाही ठाऊक होतं.

जुन्या मालकाची गाठ गेल्या श्रावणात पणजी मार्केटात पडली, दोडक्यांच्या ढिगापाशी. ‘संपादकबाब, दिसत नाही हल्ली?’ मी म्हटलं, डॉक्टरांनी पाव बंद केलाय. ते म्हणाले, ‘हां, वयाप्रमाणे करायला पाहिजे.’ मग त्यांची नजर खाली गेली. माझ्या कापडी पिशवीत मळ्यातून बायकोसाठी घेतलेला डबा होता, त्याचं झाकण जरा सैल आहे, आणि पिशवीच्या कोपऱ्यातून पिवळे थेंब त्यांच्या चपलेच्या अगदी जवळ पडत होते. त्यांनी पाय मागे घेतला आणि दोडक्याचा भाव विचारला.